खिडकीतून टाकलेला टॉवेल

आई परभणीकडच्या गावाहून पहिल्यांदाच माझ्याकडे कोल्हापूरला आली. तिला रंकाळा बघायचा होता. पण तिचे पाय चालत नाहीत, ती चाकाच्या खुर्चीत असते. गावाकडं एसटीत तिला पोत्यासारखं उचलून ठेवावं लागायचं. लाजेनं तिनं घराबाहेर पडणंच सोडलं होतं.

नव्या बसमध्ये अशा खुर्चीसाठी जागा ठेवायचा सरकारी नियम आहे, असं मी ऐकून होतो. पण सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, परक्या गावात नियम कुठल्या तोंडानं सांगणार? बस थांबेल का, लोक ओरडतील का, हीच धाकधूक.

बस आली. लोकांनी रिवाजाप्रमाणे खिडकीतून रुमाल, टॉवेल टाकून जागा धरल्या. कंडक्टरनं दारातली फळी खाली सोडली आणि आई बसल्या बसल्या आत गेली. कुणीच तिला उचललं नाही! खुर्चीसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत मात्र एक टॉवेल पडला होता.

"पावणं, टॉवेल उचला. हितं सीट न्हाय," कंडक्टर टॉवेलवाल्याला म्हणाला.

"मग मी बसू कुठं? मी धरलीया की जागा!"

"मावशी घरनं खुर्ची घेऊन आल्यात. तुमी बी आणायची की!"

सगळी बस हसली. टॉवेलवाल्या पाहुण्यानंही हसत टॉवेल खांद्यावर टाकला आणि आईच्या खुर्चीचा पट्टा स्वतः आवळून दिला.

रंकाळ्यावर आईनं तिखट भेळ खाल्ली. परतीची बस दिसताच कमरेचा रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"टाक बरं खिडकीतून," ती म्हणाली. "आपली जागा धर."