खांद्यावरचा हात आणि एकशे बहात्तर

“एकशे बहात्तर! आन् वर म्हणायलेत, मला काय झालं न्हाई!” रुक्मिणबाईंनी सायकलवरचं डबीएवढं यंत्र ओट्यावर आपटलं. “छातीत जाळी बसवून दोन वर्षं झाली. आता बास. इका ती सायकल.”

“अगं, एकटा असलो की शंभराच्या आसपास दाखवतंय,” भुजंगराव म्हणाले. “व्यंकटी शेजारी आला की उडी मारतंय. ते ठोके माझे न्हाईतच.”

“मग काय माझे हाईत?”

पुण्याच्या धाकट्या लेकानं दोन संच पाठवले होते, एक बापाला, एक बापाच्या मित्राला. छातीला पट्टा बांधायचा. ठोक्यांचा आकडा तारेविना हँडलवरच्या यंत्रात दिसतो. व्यंकटी पट्टा इमानानं बांधायचा, पण यंत्र पिशवीतच. चष्म्याशिवाय आकडे कोणाला दिसतात?

दोघं उमरीच्या शाळेपासूनचे. गावाहून शाळा पाच मैल, जाताना वारा तोंडावर. भुजंगची सायकल जुनी, तिची चेन सारखी पडायची. मग व्यंकटी शेजारून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दोन्ही सायकली एकट्याच्या पायांनी ओढायचा. दोन्ही बाजूंना तूर, मधे या दोघांच्या न संपणाऱ्या गप्पा. पुढं भुजंगराव लाइनमन झाले, व्यंकटी शेतीत राहिला, म्हातारपणी दोघं नांदेडला लेकांकडं आले. विष्णुपुरीच्या रस्त्यावर अजूनही हँडलला हँडल घासेल इतक्या जवळून चालवायचे. फक्त आता चढाला भुजंगरावांचा हात व्यंकटीच्या पाठीवर असायचा. त्याविषयी दोघंही बोलत नसत.

व्यंकटी स्वयंपाकघराच्या दारातल्या पायरीवर बसून चहा फुंकत होता. “वहिनी, भुजंग्याला बोलू नका. घोडा हाय तो अजून.”

“तुम्ही गप बसा, भावजी.”

भुजंगरावांनी सदऱ्यात हात घालून स्वतःचा पट्टा सोडला आणि खुंटीला अडकवला. मग यंत्र उचललं, व्यंकटीला चिकटून बसले आणि ते बायकोपुढं धरलं.

यंत्र क्षणभर कोरं राहिलं. मग आकडा आला. एकशे अठ्ठेचाळीस.

“बघ, म्हणलो नव्हतो? व्यंकटीच्या पट्ट्याचे ठोके हाईत हे.” भुजंगराव जिंकल्यासारखे हसले आणि हसता हसता थांबले. व्यंकटीला येऊन बसून पाव तास झाला होता.

“चढ लई होता आज,” व्यंकटी म्हणाला.

“कवापासून व्हायलंय हे?” भुजंगरावांनी विचारलं.

“पोळ्यापासून. सांगितलं असतं तर सायकल बंद केली असती पोरांनी. मग तू एकटाच गेला असतास.”

रुक्मिणबाईंनी व्यंकटीच्या हातातली कपबशी काढून घेतली, गॅस बंद केला आणि आतल्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मनीषा, रिक्षा बोलव. मी भावजींना घेऊन दवाखान्यात चालले. डॉक्टर सांगेपर्यंत दोघांच्याबी सायकली बंद.”