भिंतीवर नसलेली थ्रॅपलवुड

अन्याय झाला तो एका थ्रॅपलवुड बाईवर, आणि झाला गेल्या गुढीपाडव्याला सकाळी, इथल्या डँडेनॉन्ग उपनगराजवळच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये. त्या दुर्मिळ आडनावाच्या कुटुंबमंडळाने तिथे ‘नामवंत थ्रॅपलवुड’ अशी फोटोंची भिंत उघडली. एक न्यायाधीश, एक बिशप, एक क्रिकेटपटू, शिवाय घोडे चोरून फाशी गेलेला एक दरोडेखोर. फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात बायकांना पुरुषांइतका पगार मिळावा म्हणून संप करणारी आणि त्यापायी नोकरी घालवणारी बाई मात्र नाही.

ती बाई केव्हाच गेली. तिची धाकटी बहीण म्हणजे आमची आजी; नात्याची नाही, आम्ही पोरंच तिला आजी म्हणायचो. रिटायर्ड बस ड्रायव्हर. वेअरहाऊसच्या गेटवर आम्ही युनीत शिकणारी आणि तिथेच पार्टटाइम राबणारी पोरं कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटत होतो, तर ही आपणहून येऊन उभी राहिली. पत्रकाची सुरळी माझ्या खांद्यावर टेकवून म्हणाली, “आडनाव काय तुझं, मेट?”

माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं आडनाव ऐकून पुण्यात एका घरमालकिणीने खोली नाकारलेली आहे. मी म्हटलं, “कशाला हवंय?”

“आत तुम्हाला नंबरने हाक मारतात ना? म्हणून.”

मग मी सांगितलं, आणि जीभ बसेपर्यंत तिने ते घोटलं. पंजाबी, तमिळ, व्हिएतनामी, गेटवर येणाऱ्या प्रत्येकाचं असंच. जमलं की स्वतःवरच खूश.

मंडळाच्या बैठकीला ती बहिणीचा फोटो आणि मला घेऊन गेली. अध्यक्ष तिचा चुलतभाऊ. हाही फोटो लावा म्हटल्यावर म्हणाला, “तिला कामावरून काढलं होतं. नामवंत कसं म्हणायचं?”

“घोडेचोराला तर फाशी दिली होती.”

“तो इतिहास आहे.”

“तिच्यामुळे तुझ्या आईचा पगार वाढला. तो इतिहास नाही, तर काय हवामान होतं?”

लोक हसले. मग त्यांनी तोडगा काढला: डेपोतली पहिली बाई ड्रायव्हर म्हणून आजीचाच फोटो लावू. मी टेबलाखालून तिला पायाने ढोसलं, हो म्हण. ती उठली. “ती भांडली म्हणून मला स्टिअरिंग मिळालं. आता तिची जागा मीच खाऊ?”

परतताना बसमध्ये तिने बहिणीचा फोटो मांडीवर पालथा ठेवला होता. मग म्हणाली, “हे तिने ऐकायला नको होतं.”

त्यानंतर दर शनिवारी ती हॉलच्या दाराशी उभी राहून बहिणीवरचं पत्रक वाटायची. थंडीतसुद्धा. त्याच थंडीत न्यूमोनियाने गेली. मंडळाने भलामोठा पुष्पगुच्छ पाठवला. भिंत आहे तशीच आहे.

आणि आपण मराठी माणसांनी हसू नये. आपणही इथे कुलसंमेलनं भरवतो, कुलवृत्तांत छापतो. त्यात डॉक्टर असतात, जज्ज असतात. मिलच्या गेटवर लाठी खाल्लेली आत्या कुठल्या पानावर असते?

बहिणीचा फोटो सध्या माझ्याकडे आहे. मंडळाची बैठक शनिवारी हॉलवरच असते, सगळ्यांना खुली. येत्या शनिवारी खरेदीला डँडेनॉन्गला याल तेव्हा आधी हॉलवर या, अध्यक्षांसमोर उभे राहा, आणि फोटो भिंतीवर लागेपर्यंत तिथून हलू नका.