सात मिनिटं, आरामात

रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज घरी आला तरी खिडकीतूनच येतो. काकूंनी भाजी काय करू विचारलं की चौकशीकाका म्हणत, काय काय उपलब्ध आहे? गल्लीतल्या प्रत्येक पोराला त्यांची नक्कल यायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली आणि एका दमात, "सकाळी आठ-दहाची गाडी, दरीच्या टोकापर्यंत, तिथून बोट, तिसऱ्या धक्क्याला उतरा, परतीची गाडी, मध्ये सात मिनिटं, आरामात मिळते, पुढचा."

नदीच्या दरीची ही सहल अर्ध्या शहरानं काकांच्या तोंडून ऐकून केली होती. काका मात्र कधीच गेले नव्हते. लोकांना सुट्टी म्हणजे खिडकीवर गर्दी, आणि गर्दी म्हणजे काकांना सुट्टी नाही. यंदा खिडकी रंगवायला काढली आणि दोन दिवस हातात आले. काकांची थोरली बहीण, आक्का, गुडघ्याला पट्टा बांधून सगळ्यात आधी तयार. निघताना तिनं खडा टाकलाच, की अरे, ती सात मिनिटं तू कधी चालून बघितलीस का? काकांना ते झोंबलं. सव्वीस वर्षांत एक तक्रार आली नव्हती.

"गाडी चुकली, तर सोमवारपासून मी त्या खिडकीत बसणार नाही," काका म्हणाले. काकूंनी पिशवीची चेन ओढली आणि आक्काला साक्षीदार ठेवलं.

गाडी सुटली आणि काकांचं वय निम्म्यावर आलं. बोगदा यायच्या आधी ते बोगदा जाहीर करत. नदी डावीकडे येणार म्हटलं की यायचीच. जणू यांच्या हुकमानं वळत होती. पाचव्या बोगद्यानंतर तर अख्खा डबा त्यांच्याकडे तोंड करून बसला. बोटीवर त्यांनी बोट चालवणाऱ्या सारंगाला वेळा सांगायला सुरुवात केली तेव्हा काकूंनी त्यांचा शर्ट मागून धरला. पण वारा असा भन्नाट, पाणी असं हिरवंगार, की आक्कासुद्धा गुडघा विसरून कठड्याला लटकली. चार-तेराला बोट तिसऱ्या धक्क्याला टेकली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. काकांनी घड्याळ काकूंच्या नाकासमोर धरलं.

मग त्यांनी वर पाहिलं.

धक्क्यापासून स्टेशन दोनशे मीटर, असं वेळापत्रकात छापलं होतं. ते खरंच होतं. फक्त त्यातलं बरंचसं उभं होतं. दगडी पायऱ्या थेट आभाळात गेल्या होत्या आणि बोटीतली सगळी माणसं पिशव्या सावरत त्यांच्यावरून सुटली होती. एक जाडगेले गृहस्थ दर दहा पायऱ्यांनी थांबून म्हणत होते, सात मिनिटं म्हणे, आरामात म्हणे, तो खिडकीतला एकदा सापडू दे. काकांनी हळूच चष्मा काढून खिशात टाकला.

साठाव्या पायरीला काका पोचले तेव्हा वर शिट्टी झाली. आणखी तेवीस पायऱ्या. एकटे धावले असते तर मिळाली असती. त्यांनी मागं पाहिलं. आक्का चाळिसाव्या पायरीवर बसली होती, काकू तिला वारा घालत होत्या.

"जा रे तू," आक्का खालून म्हणाली. "तुझी खिडकी जाईल."

काका वीस पायऱ्या उतरून खाली आले. एका बाजूनं आक्काचा दंड त्यांनी धरला, दुसऱ्या बाजूनं काकूंनी. खिडकी गेली, हे त्यांनी मनातल्या मनात मान्यही करून टाकलं. मोजत मोजत तिघं वर पोचली तेव्हा स्टेशनच्या घड्याळात चार-चोवीस झाले होते.

गाडी उभी होती. गार्ड झेंडा काखेत धरून चहा पीत होता. "सावकाश या, आजी," तो म्हणाला.

काकांना श्वास पुरत नव्हता, तरी सवय सुटेना. "चार-वीसची गाडी आहे ही. चार मिनिटं उशीर आहे तुम्हाला."

"रोजच असतो. खाली शहरात चौकशीला कुणीतरी बसलाय, तो सगळ्यांना सात मिनिटं आरामात सांगतो. पायऱ्या कधी बघितल्या नसणार त्यानं. पण माणसं त्याच्या भरवशावर येतात हो, त्यांना टाकून कसं जायचं? माझ्या आधीचा गार्डही थांबायचा."

काकू पदराआड हसत होत्या. आक्कानं गुडघा चोळत काकांकडे बोट केलं. "हाच तो."

गार्डानं काकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कप ठेवला आणि डब्याचं दार त्यांच्यासाठी स्वतः उघडलं. गाडी हलल्यावर काकूंनी विचारलं, काय मग, मिळाली की चुकली? काकांनी खिशातला चष्मा काढून परत नाकावर चढवला. मिळाली, म्हणाले. आरामात नाही.

सोमवारी गल्लीतल्या पोरांना नक्कल नव्यानं बसवावी लागली. चष्मा नाकाच्या शेंड्यावरच, पण मान वर, आणि समोरच्याच्या पायांकडे एक नजर. "मध्ये सात मिनिटं, त्र्याऐंशी पायऱ्या, बरोबर म्हातारं माणूस आहे का? हात धरा, घाई करू नका, मिळते. पुढचा."