शेवटच्या प्रकरणाला मारलेल्या पिना

चाळीस पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणाला मी माझ्या हाताने पिना मारल्या. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. राग वर्गातल्या एका मुलीच्या आईवर काढावा, मुख्याध्यापिकेवर की स्वतःवर, हे ठरत नाही, म्हणून तिघींवर थोडा थोडा काढते.

नाशिक रोडच्या एका मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. शनिवारचा शेवटचा तास अवांतर वाचनाचा. त्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने एकाच बालकादंबरीच्या चाळीस प्रती दिल्या. एक मुलगी आणि तिचा लंगडा कुत्रा, एवढीच गोष्ट. शेवटी कुत्रा म्हातारा होतो आणि मरतो. मुलांनी पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, वर आपापली नावं लिहिली. पुस्तकं वर्गाच्या कपाटात राहायची, दर शनिवारी एक प्रकरण मी वाचायचे आणि मुलं ओळींवर बोट ठेवून मागोमाग यायची.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे खराच कुत्रा होता. त्यामुळे मी चार ओळी वाचल्या की तिचा हात वर. ‘‘बाई, आमचा पण चप्पल पळवतो!’’ मी दटावायचे, पण तिच्यामुळे तासाला रंगत यायची हे खरं.

गणपती होऊन गेले आणि तिचं बोलणं बदललं. ‘‘आमचा आता नामपूरला असतो, आबांकडे. कांद्याची चाळ राखतो.’’ मधल्या सुट्टीत ती जुन्या लाल रिबिनीची वेणी घालून त्यात घुंगरू ओवत बसायची. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली की कुत्र्याच्या गळ्यात बांधणार होती. ‘‘आबांना फोनवर विचारलं मी, कसा आहे तो. म्हणे, बरं शे, म्हणजे बरं आहे. एवढंच बोलतात, अन् लगेच आईला दे म्हणतात.’’

त्याच आठवड्यात तिची आई शाळेत आली. कुत्रा गणपतीच्या आधीच सिन्नर फाट्याकडच्या रस्त्यावर टेम्पोखाली गेला होता.

‘‘मॅडम, तिला गावाला पाठवलाय म्हणून सांगितलंय. तुमच्या त्या पुस्तकात शेवटी कुत्रा मरतो म्हणे. ते तेवढं वाचू नका.’’

‘‘अहो, पण दिवाळीत ती नामपूरला जाईल तेव्हा काय सांगणार?’’

‘‘तेव्हाचं तेव्हा बघू.’’

मी नाही म्हटलं. मुलीची आई तडक ऑफिसात गेली आणि दहा मिनिटांत मला बोलावणं आलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘‘कोवळी मनं असतात. पालकांशी वाद नको. ते प्रकरण बंद करून टाका.’’ कोवळी मनं! हीच मुलं जेवताना मोबाइलवर धडाधड माणसं मारतात, तेव्हा एकाही पालकाच्या घशात घास अडकत नाही. घरात खरं बोलायची हिंमत नाही, म्हणून पुस्तकाचं तोंड शिवायचं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

हे सगळं मी मनात बोलले. तोंडाने ‘‘बरं’’ म्हणाले. वीस वर्षं नोकरी केली की ‘बरं’ हा शब्द आपोआप बाहेर पडतो. शाळा सुटल्यावर वर्गात एकटी बसून मी स्टेपलर चालवला. एकेका पुस्तकाला तीन पिना.

शनिवारी मुलं विचारायला लागली, ‘‘बाई, पानं का चिकटवली? पुढं काय झालं?’’

मी म्हणाले, ‘‘पुढे काही विशेष नाही. तो कुत्रा गावी गेला. शेतावर मजेत राहिला.’’

मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाकावरची तेवढी उठून उभी राहिली.

‘‘बाई, सगळी कुत्री गावीच कशी जातात?’’

मी तिला खाली बस म्हणाले. जोरात म्हणाले. इतक्या जोरात तिच्यावर मी कधीच ओरडले नव्हते.

सोमवारी प्रार्थनेआधी ती टेबलाशी आली. तिने आपलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि त्यावर वहीच्या कागदाची एक पुडी. पुडीत तीन वाकड्या पिना होत्या. शनिवारी पुस्तक दप्तरात लपवून तिने घरी नेलं होतं आणि कर्कटकाने पिना उचकटल्या होत्या. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

‘‘पुस्तकातला मेला,’’ ती म्हणाली. ‘‘माझा पण मेला ना?’’

दाराकडे बघितलं मी. कुणी येत असतं तर सुटले असते. कुणी आलं नाही.

‘‘हो.’’

‘‘कधी?’’

‘‘गणपतीच्या आधी.’’

‘‘मी त्याच्यासाठी मोदक ठेवला होता. आई म्हणाली, आबांकडे पाठवते.’’ ती रडेल म्हणून मी हात पुढे केला. ती मागे सरकली. ‘‘आबांना माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘तुम्हाला?’’

‘‘मलाही.’’

तिने माझ्याकडे जे बघितलं, तसं माझ्याकडे कुठल्या साहेबानेही कधी बघितलेलं नाही. मोठ्या माणसाने मेमो द्यावा, तर त्याला उत्तर लिहिता येतं.

‘‘मग आज वाचा,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांसमोर. खरं आहे ते.’’

पहिला तास गणिताचा होता. मी बाकीची एकोणचाळीस पुस्तकं कपाटातून काढून वाटली आणि मुलांना पिना काढायला लावल्या. मुख्याध्यापिका व्हरांड्यातून दोनदा गेल्या, दुसऱ्या वेळी दारात थांबल्या. मी वाचत राहिले. कुत्रा अंगणात ऊन खात पडतो आणि मुलगी त्याला हाक मारते, त्या ओळीवर माझा आवाज गेला. दुसऱ्या बाकावर ती रिबीन मुठीत घट्ट धरून बसली होती. डोळे कोरडे होते.

‘‘थांबू नका, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘वाचा.’’