तांड्यावरचे ‘मे गुस्ता’

यवतमाळहून निघाले तेव्हा मला स्पॅनिशचे जेमतेम दोन धडे येत होते. अमुक आवडते, तमुक आवडत नाही, एवढेच. तेवढ्या भाषेवर मला एका स्पॅनिश बाईंची दुभाषी व्हायचे होते. खरी दुभाषी मालती, नागपूरच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी. पण यवतमाळला पोचताच तिला सडकून ताप भरला. या पिलारबाई आपल्या देशातल्या एका संग्रहालयासाठी भरतकाम पाहत हिंडत होत्या, त्यांना स्पॅनिशखेरीज काहीच येत नव्हते, आणि ढाणकीजवळच्या तांड्यावर (बंजाऱ्यांच्या वस्तीवर) बायका आमची वाट पाहत होत्या. मालती पांघरुणातूनच म्हणाली, “जा तू. अडलीस तर विचार, आवडतं का? बाकीचं निभेल.”

मोटारीने पुसद सोडले आणि दोन्ही बाजूंना पळस फुललेला दिसू लागला. मी भीत भीत बोट दाखवले. “ले गुस्ता?” (आवडते का?)

“मे गुस्तान!” बाई खूश होऊन म्हणाल्या.

एक झाड असते तर ‘मे गुस्ता’. पुष्कळ होती म्हणून ‘गुस्तान’. आपण नाही का आंबा आवडतो आणि आंबे आवडतात म्हणत, तसेच. ‘मे’ म्हणजे ‘मला’, ‘ले’ म्हणजे ‘तुम्हाला’ किंवा ‘तिला’. इंग्रजीतून शिकताना डोके फिरले होते. मराठीतून पाहिले आणि सगळे सरळ झाले. खिडकीतून धुरळा आत आला तेव्हा बाई खोकत म्हणाल्या, “नो मे गुस्ता.” तेही लगेच कळले.

ढाणकीहून पुढे बैलगाडी होती. नाल्यात तिचे चाक निखळले आणि उरलेली वाट आम्हाला उन्हात पायी काढावी लागली. सकाळपासून बाईंच्या पोटात चहाखेरीज काही नव्हते.

तांड्याच्या नायकाची बायको सोनाबाई आमची यजमानीण. तिच्या ओसरीवर बायकांनी फेटिया (घागरे) आणि कांचळ्या (चोळ्या) पसरून ठेवल्या होत्या. भिंगे (आरशांचे तुकडे), कवड्या, लाल-पिवळा दोरा. पिलारबाई वाकून एकेक टाका पाहू लागल्या आणि एकाएकी खांबाला धरून खालीच बसल्या. चेहरा पांढराफटक. सोनाबाई धावत आत गेली आणि तापवलेल्या दुधाचा पेला घेऊन आली. बाईंनी तो ओठांशी नेला आणि झटक्यात दूर लोटला.

“नो! नाता, नो!”

सोनाबाईचा हात तसाच राहिला. “नाता नाही म्हनते?” ती हळू म्हणाली. “आमी कुठी म्हनलं सोयरीक करा? याच्या आंधी बी एक सायबाची बाई आलती. तिनं आमच्या हातचं पानी बी नाही घेतलं.”

बायका मुकाट्याने कपडे गोळा करू लागल्या. ‘नाता’ हा शब्द माझ्या दोन धड्यांत नव्हता. इकडे बाई घेरी येऊन बसलेल्या, तिकडे घरधनीण दुखावलेली, आणि मधे मी मुकी. मालतीचे बोलणे आठवले. मी दुधाकडे बोट दाखवले.

“लेचे (दूध), ले गुस्ता?”

“सी,” (हो) बाई डोळे मिटून म्हणाल्या. “मे गुस्ता.”

दूध आवडते! मग आवडत नाही ते काय? मी पेला पुन्हा त्यांच्यासमोर धरला. ओशाळून त्यांनी बोट पुढे केले, दुधावरच्या जाड पिवळसर थराकडे, आणि लहान पोरीसारखे तोंड वाकडे केले. “नाता. नो मे गुस्ता.”

“सोनाबाई, साय!” मी ओरडलेच. “त्यांच्या भाषेत सायीला नाता म्हणतात. दूध आवडतं, साय तेवढी नको!”

तिला असे हसू फुटले की भिंतीला टेकावे लागले. “अवं माय! मंग सांगाचं ना!”

तिने फडक्यातून दूध गाळून आणले. पिलारबाई तिच्या हातूनच ते प्यायल्या. त्यांच्या गालांवर रंग परतला. कपडे पुन्हा ओसरीवर पसरले गेले.

दुपारी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. प्रत्येक घासाला बायका विचारत, “बाईले आवडलं?” ठेच्याने बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी ‘मे गुस्ता’ म्हणाल्या. मग त्यांनीच सोनाबाईकडे हात केला, “नो ले गुस्ता?” तिला काय आवडत नाही, ते मी विचारावे.

मी विचारले.

“मले? मले कोनी इचारलंच नाही आजवर.” सोनाबाईने भाकरीचा तुकडा मोडला. “पोरगी सासरी गेली तवापासून एकटीनं जेवनं नाही आवडत.”

हे कसे सांगावे? मी शब्दाला शब्द जोडला. “कोमेर सोला... नो ले गुस्ता.” (एकटीने जेवणे हिला आवडत नाही.)

पिलारबाईंनी मान हलवली. आपली थाळी उचलून त्या सोनाबाईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पोट भरले असतानाही आणखी अर्धी भाकर मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला परतलो, तर मालतीचा ताप उतरलेला. ती उठून मऊ भात खात होती. सगळे सुखरूप पाहून मला इतके हलके वाटले की मी प्रवासाच्या धुळीसकट तिच्या शेजारी आडवी झाले.

आवडी-निवडीचा धडा पोरांसाठी असतो असे मी समजत होते. नागपूरला घरी आल्यावर आईला सहज विचारले, “आई, तुला काय आवडत नाही गं?”

“हे आजवर मला कोणी विचारलंच नाही बघ,” म्हणत तिने हातातले काम बाजूला ठेवले आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.