हिरव्या पट्टीचं कार्ड

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. शूटिंग कसं झालं म्हणून ग्रुपवर तुम्ही सगळे विचारत होता आणि मी नुसता "छान झालं" म्हणून विषय बदलत होतो... खरं सांगायचं धाडस होत नव्हतं.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी आम्ही चाकणला होतो. गुरुवारी तिकडे कारखान्यांना सुट्टी, म्हणून एका ओळखीच्या मालकाने त्याचं पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचं छोटं प्रेस शॉप दिवसभर वापरायला दिलं होतं. आमची सून वैशाली तिथे वीस मिनिटांची फिल्म करत होती. जुना घेतलेला डिजिटल कॅमेरा, तीन मेमरी कार्डं, चार माणसं आणि घरून नेलेली पोळीभाजी... बजेट एवढंच.

फिल्म एका कामगार बाईच्या शेवटच्या दिवसाची. ती भूमिका केली पिंपळे गुरवच्या आमच्या शेजारच्या सुशीलाबाईंनी. त्यांनी याच शॉपमध्ये, याच मशीनवर निम्मं आयुष्य काढलंय.

माझ्याकडे कार्डं सांभाळायचं काम होतं. मी आठवीपर्यंत शिकलेला, त्यात स्वभाव काळजीचा, त्यामुळे कार्डांच्या डब्या सारख्या मोजत होतो. कॅमेरावाला राहुल म्हणाला होता, "काका, ही हिरवी पट्टी, ही लाल. कार्ड बदललं की डबीला लावत जा." कुठली कशाला, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळीच सुशीलाबाईंचा निरोपाचा सीन झाला. दिलेलं वाक्य त्या विसरल्या. फडक्याने मशीन पुसत राहिल्या, पुसत राहिल्या आणि मशीनलाच म्हणाल्या, "येते गं मी." मग रडू आलं त्यांना... खरं रडू.

वैशालीने आणखी एकदा घेऊया का विचारलं, तर डोळे पुसत म्हणाल्या, "आता रडले तर नाटक होईल पोरी." शिवाय दुसऱ्या दिवशी ते मशीन विकून जाणार होतं आणि बाई लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला. म्हणजे जे होतं ते त्या एका कार्डात.

मी ते कार्ड डबीत ठेवलं आणि हिरवी पट्टी लावली. आमच्या कंपनीत पास झालेला माल हिरवा, रिजेक्ट झालेला लाल... आणि याहून चांगला माल कुठला?

जेवणं झाल्यावर राहुलने हिरव्या पट्टीची डबी उघडली, कार्ड कॅमेऱ्यात टाकलं आणि बटणं दाबली. काय केलंस म्हणून मी सहज विचारलं. "फॉरमॅट मारला काका. रिकामं करून घेतलं." त्याच्या लेखी हिरवं म्हणजे वापरायला मोकळं.

गप्प बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. कंपनीत मी अशा एक-दोन चुका गिळल्या आहेत, खोटं का बोलू... पण समोर पायरीवर सुशीलाबाई चहा पीत बसल्या होत्या. मी राहुलच्या कानाशी जाऊन म्हणालो, "त्यात बाईंचा सीन होता रे."

राहुलचा चेहरा उतरला. त्याने कॅमेरा बंद केला, कार्ड काढून खिशात घातलं. "यावर नवीन काही शूट नाही झालं अजून. पाच मिनिटं उशिरा बोलला असता ना काका, तर संपलं होतं." मग त्याने वैशालीला बाजूला नेऊन सांगितलं.

संध्याकाळी पिंपरीत लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, फॉरमॅट म्हणजे दारावरची पाटी काढली फक्त. माणसं आतच असतात. नवा भाडेकरू घुसला की मग जातात." त्याने कार्ड घालून कॉम्प्युटर कामाला लावला. मी आत-बाहेर, आत-बाहेर... शेवटी तो ओरडला, "बसा हो काका, मला चक्कर येतीय तुमच्यामुळे!"

किती वेळ गेला कोण जाणे. "बाबा, या लवकर," वैशालीची हाक आली. स्क्रीनवर फडकं धरलेला हात होता, मशीन होतं आणि तो आवाज... "येते गं मी." वैशालीने स्टूल पुढे सरकवलं आणि हसून म्हणाली, "पुढच्या फिल्मला तुम्ही फक्त चहा सांभाळा."

त्या दिवशी दुपारी मी तोंड उघडलं. या वयात एवढं जमलं, याचंच बरं वाटतं.

सुशीलाबाई, हे सगळं तुम्हाला आजच कळतंय. तुम्ही चहा पीत होता तेव्हा तुमचा सीन माझ्या हातून गेला होता, माफ करा. आता तो लेकीच्या फोनवर पाठवलाय. बाळातून सवड मिळाली की बघा, आणि रागावलात तरी चालेल, पण लवकर कळवा...