साळूबाईनं पंगतीत बोलणं सोडलं

गावात लग्न ठरलं की वाजंत्र्यांच्या आधी साळूबाईला सांगावा जायचा. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या त्या गावात रिवाजच होता तसा. वऱ्हाडाची पंगत बसली की मांडवाकडच्या एखाद्या बाईनं उभं राहून पाहुण्यांची टर उडवायची, आणि ते काम साळूबाईसारखं कुणाला जमत नसे. पदर खोचून ती पानांच्या रांगांमधून फिरायची. एखाद्या जाडजूड व्याह्याला म्हणायची, "पाव्हणं, सावकाश. मांडवाचं खांब तेवढं ऱ्हाऊ द्या." वाळक्या विहिणीपुढं थांबून म्हणायची, "खावा बाई पोटभर, तुमच्या घरची भाकरी आमी बी बघितलीया." मंडळी हसून हसून बेजार. ज्याची खोडी काढली तोच पुढं चारचौघांत ती कौतुकानं सांगायचा. साळूबाईच्या बोलण्यानं कुणाचं मन दुखलं, असं कुणी ऐकलं नव्हतं. निदान साळूबाईनं तरी नव्हतं.

तिला पोटचं पोर नव्हतं. नवरा जोतीराम पलटणीतून पेन्शनीत आलेला, दोन बिघे ऊस आणि एक म्हैस सांभाळणारा शांत गडी. घरात बोलायचं काम साळूबाईचं आणि ऐकायचं त्याचं, अशी वाटणी झालेली होती आणि दोघांनाही ती मान्य होती.

बाहत्तरचा दुष्काळ पडला. साळूबाईची धाकटी बहीण बनुबाई माण तालुक्यात दिलेली होती. तिकडं विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरं छावणीला गेली आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. बनुबाईची पोरगी हौसा पंधरा-सोळा वर्षांची. तीही आईबरोबर घण घेऊन बसायची आणि कामावर मिळणारी सुकडी खायची. जोतीराम एसटीनं दहिवडीकडं गेला आणि पोरीला घेऊन आला.

हौसा आली तेव्हा तिच्या मनगटातनं बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. इथं दुरडीत भाकरी होती, शिंक्याला दही होतं, ऊस तर बांधाला उभा. पोरगी जेवायची ती बघत राहावं अशी. मान खाली घालून, घाई न करता, शेवटचा कण बोटानं टिपून. साळूबाई ते बघून सुखावायची. एवढं मन लावून आपल्या हातचं कुणी खाल्लं नव्हतं.

मग एका दुपारी जोतीरामचे पलटणीतले दोस्त बायकांसह जेवायला आले. बायकांची पंगत आतल्या सोप्यात बसली. वाढता वाढता साळूबाई रंगात आली होती. हौसानं दुरडीत हात घालून आणखी एक भाकरी घेतली, आणि साळूबाईच्या तोंडातनं शब्द निघून गेले.

"बघा गं बायांनो, माणातला दुष्काळ कुठं गेला म्हनून सरकार हुडकतंय. ह्यो बघा, आमच्या हौशीच्या पोटात येऊन बसलाय!"

बायका खळखळून हसल्या. एकीला ठसका लागला. हौसाही हसली. आणि हसता हसताच तिनं ती भाकरी परत दुरडीत ठेवली, वरचं फडकं नीट केलं. साळूबाईनं ते पाहिलं होतं. पण पंगत हसत होती, आणि हसणाऱ्या पंगतीपुढं साळूबाईला दुसरं काही दिसत नसे.

त्यानंतर हौसा लोकांसमोर कमी जेवायला लागली. 'पोट भरलं' म्हणून उठायची. इकडं घरातलं खाणं मात्र जागेवर राहीना. दुरडीतल्या भाकरी, गाडग्यातला गूळ, पातेल्यातला भात नाहीसा व्हायचा. साळूबाईनं मांजराला शिव्या घातल्या, मग जोतीरामला. हौसाचे गाल सुजल्यासारखे वर आले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "मावशीकडचं मानवलं गं पोरीला." साळूबाई खूश. पोरीला चक्कर येते, केस मूठमूठ गळतात, थंडी नसताना हात गार पडतात, हे दिसत होतं, पण गाल भरलेत म्हटल्यावर बाकीचं कोण मनावर घेणार?

एकदा शेण टाकायला गेली असताना कडब्याच्या गंजीमागं हौसा ओकताना दिसली. पुन्हा एकदा दिसली. मग साळूबाईच्या काळजात चर्र झालं. आपल्या वाईटावर असलेल्या कुणीतरी पोरीला खाण्यातनं काहीतरी घातलंय! करणी! ती तडक पोरीला घेऊन टेकावरच्या देवरुष्याकडं गेली. त्यानं अंगारा लावला, कसला तरी कडू काढा पाजला आणि पोरीला आतडी पिळवटेपर्यंत ओकायला लावलं. मग त्या घाणीत काठी घालून केसांचं एक गुंतवळ उचलून दाखवलं. "निगाली बघ. आजून थोडी हाय आत. आपसूक पडंल."

म्हणून पुढं जेव्हा हौसा गंजीमागं वाकलेली दिसली, तेव्हा साळूबाई धावत गेली. पोरीचं कपाळ आपल्या तळव्यात धरलं, पाठीवरून हात फिरवला.

"ओक बाय, ओक. आसंल नसंल ते समदं भाईर पडू दे."

हौसानं मान वळवून मावशीकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. साळूबाईला वाटलं, पोरीला बरं वाटतंय. काय म्हणावं या बाईला! स्वतःच्या हातानं कपाळ धरून ती पोरीला जिवानिशी घालवत होती, आणि वर देवाला नारळही फोडत होती.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात जोतीरामची न्याहारी घेऊन निघालेली हौसा उसाच्या बांधावर कोसळली. हातपाय वाकडे झाले, डोळे पांढरे. गावातल्या जीपमधून तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावल्यावर पोरगी माणसात आली. तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या शांत होत्या. त्यांनी हौसाशी बराच वेळ एकटीशी बोलून घेतलं आणि मग साळूबाईला खाटेपाशी बोलावलं.

"मावशी, हिच्या अंगातले क्षार ओकून ओकून गेलेत. आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदय बंद पडलं असतं. ही ओकारी पोटातल्या रोगाची नाही. ती चोरून खाते, मग खाल्ल्याची तिला भीती वाटते, म्हणून ती बाहेर काढते. मग लाज वाटते. मी अशी एक-दोन पाहिलीत. याला नाव काय द्यायचं, ते मलाही माहीत नाही."

"करनी न्हाई?" साळूबाईनं विचारलं.

"नाही." मग बाईंनीच विचारलं, "हिच्या खाण्यावरून घरात कुणी काही बोललं होतं का?"

साळूबाईच्या डोळ्यांपुढं सोपा उभा राहिला. हसणाऱ्या बायका, दुरडीवरचं फडकं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "आमच्या घरात कोन बोलनार?"

आणि खाटेवरून हौसा हळूच म्हणाली, "न्हाई. कुनीबी न्हाई बोललं."

साळूबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. खोटं बोलल्याचं पाप तर होतंच. पण त्या मरणाच्या दारातनं आलेल्या पोरीनं आपल्याला पाठीशी घातलं, हे तिला सोसेना. साऱ्या जन्मात कुणापुढं न थांबलेली ती जीभ तिथं टाळ्याला चिकटून राहिली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "जेवताना तिच्या पानाकडं टक लावून बघू नका. कमी म्हणू नका, जास्त म्हणू नका. 'घे घे' नको आणि 'पुरे' पण नको. जेवणाच्या वेळा चुकवू नका. आणि जेवण झालं की तिला एकटी सोडू नका. हाताला काहीतरी काम द्या, जवळ बसा. ती पुन्हा ओकेल. तेव्हा रागावू नका."

ऐकायला सोपं होतं. पण आग्रह केल्याशिवाय वाढायचं म्हणजे साळूबाईला हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं. पहिले काही दिवस तिनं सगळं उलटंच केलं. चोरून खाणं बंद व्हावं म्हणून भाकरीची दुरडी पेटीत घालून वर कुलूप लावलं. तर हौसानं कणगीतलं कोरडं पीठ खाल्लं. पिठानं पांढरे झालेले ओठ आणि घाबरलेले डोळे बघून साळूबाईनं पदरानं ते ओठ पुसले. दुष्काळातसुद्धा या पोरीवर कोरडं पीठ खायची पाळी आली नव्हती. तिनं कुलूप काढलं आणि मागच्या पडक्या आडात टाकून दिलं.

मग तिनं जुनी लुगडी काढली आणि वाकळ शिवायला घेतली. जेवण झालं की दोघी सोप्यात समोरासमोर बसायच्या, मधे वाकळ पसरलेली. साळूबाई एका कडेनं टाके घालायची, हौसा दुसऱ्या कडेनं. जोतीरामही आपल्या परीनं कामाला लागला. पोरीच्या पानाकडं बघायचं नाही म्हटल्यावर तो भिंतीकडं तोंड करूनच जेवायचा आणि पलटणीतल्या लांगरीनं, म्हणजे आचाऱ्यानं, जाळलेल्या डाळीच्या गोष्टी भिंतीलाच सांगायचा.

"आवं, हिकडं तोंड केलंत तर काय हुईल?" साळूबाई वैतागायची.

"आर्डर म्हंजी आर्डर," तो म्हणायचा. हौसा खुदकन हसायची.

बरं होणं सरळ रेषेत होत नाही, हे साळूबाईला कुणी सांगितलं नव्हतं. आठवडा बरा जायचा आणि एखाद्या दिवशी गंजीमागून तोच आवाज यायचा. मग रागाचा लोट छातीपर्यंत यायचा आणि मागोमाग आठवण यायची की हे कपाळ आपणच धरलं होतं. राग तिथंच विझायचा. एका दुपारी हौसा स्वतःहून येऊन वाकळेपाशी उभी राहिली. "मावशी, आज मी ओकले." साळूबाई म्हणाली, "बरं. बस. सुईत दोरा ओव, मला दिसंना झालंय." हौसा बसली. त्या दिवशी दोघींच्या टाक्यांना काही धरबंध नव्हता.

त्या वाकळेवर साळूबाईच्या मनात रोज यायचं की आज बोलावं. 'पोरी, ते मी बोलले व्हते. डॉक्टरीणबाईंपुढं मी खोटं बोलले.' रोज ती सुई टोचायची आणि दोरा ओढायची. एक वाकळ संपली, दुसरी सुरू झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनासुद्धा वाकळा वाटून झाल्या, पण ते चार शब्द काही बाहेर पडले नाहीत. लग्नाची बोलावणी यायची. साळूबाई सांगायची, घसा बसलाय. तीन वर्षं एका बाईचा घसा बसतो कसा, म्हणून गाव चेष्टा करायचं. वाढायला मात्र ती जायची. तोंड मिटून वाढायची.

सत्त्याहत्तर साली शेजारच्या कोंडीबाच्या लेकीचं लग्न निघालं. नवरी हौसाची मैत्रीण. हौसा म्हणाली, "मी बी पंगतीला बसनार." साळूबाईनं नुसतं "बरं" म्हटलं. पाच वर्षांत पोरगी चारचौघांत पोटभर जेवली नव्हती.

पंगत बसली. साळूबाईकडं बुंदीची परात होती. खोड्या काढायचं काम आता राहीबाईकडं आलं होतं. बाई मनानं वाईट नव्हती, साळूबाईच्याच जुन्या बोलण्यांवर तिचं भागत होतं. ती वऱ्हाडाला चिमटे काढत काढत हौसाच्या पानापाशी आली. हौसानं नुकतीच दुसऱ्यांदा बुंदी मागून घेतली होती.

"अगं बया! माणातला दुष्काळ कुठं गेला म्हनून हुडकत हुतो आमी. ह्यो बघा, हितं हौशीच्या पोटात बसलाय!"

पंगत हसली. साळूबाईच्या हातातली परात जड झाली. म्हणजे ते वाक्य त्या दुपारी सोप्यातच राहिलं नव्हतं. ते गावभर फिरलं होतं, लोकांनी जपून ठेवलं होतं. हौसाचा हात पानावर थांबला. ती हसली नाही. आणि सगळ्या बायका साळूबाईकडं बघायला लागल्या, की आता ही याच्यावर काय फर्मास टोला देते.

साळूबाईनं परात खाली ठेवली. वाढणारी बाई पंगतीत बसत नाही, पण ती हौसाच्या शेजारी मांडी घालून बसली.

"व्हय," ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण मांडवभर ऐकू गेला. "माजी पोर दुष्काळातनं आली. पर तितं ती उपाशी ऱ्हायली न्हवती. उपाशी ऱ्हायली ती माज्या घरात, माज्या ह्याच बोलन्यापायी. ते वाक्य माजं हाय, राहीबाई. परत कुनी बोलू नगा."

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी साळूबाईपुढं पान मांडलं. तिनं घास उचलला, पण तो गिळेना. शेजारी हौसानं बुंदीचा घास घेतला, चावला, गिळला. मग दुसरा घेतला.

जेवणं झाल्यावर दोघी मांडवाच्या कडेला, लिंबाखाली जाऊन बसल्या. वाकळ बरोबर नव्हती, म्हणून साळूबाई हातातल्या रुमालाच्या दशा काढत राहिली. मग हौसा म्हणाली, "मावशी, राहीकाकूला ते तुज्यागत जमलं न्हाई."

साळूबाईला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू. इतक्या वर्षांनी पोरीनं पंगतीतली खोडी काढली होती, आणि ती मावशीची काढली होती. साळूबाईनं पदरात तोंड खुपसलं.

"मी तवा डॉक्टरीणबाईंपुढं खोटं बोलले गं," ती पदरातनं म्हणाली.

"म्या बी," हौसा म्हणाली.

मांडवात नवरीच्या पाठवणीची गडबड सुरू झाली. नवरीनं हौसाला हाक मारली. हौसानं हात केला, पण उठली नाही. ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत सरकेस्तोवर ती मावशीजवळ बसून राहिली.